नोटीस भाडेकरूच्या हातात, मुदत उलटलेली: घरपट्टीच्या वाढीवर आता हरकत कशी घ्यायची?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. वडील २०२१ मध्ये गेले. महापालिका हद्दीतलं त्यांचं बैठं घर अजून त्यांच्याच नावावर आहे. तुम्ही दुसऱ्या शहरात राहता, घर भाड्याने दिलंय, आणि भाडेकरूच्या बायकोने पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायचं दुकान सुरू केलंय. गणपतीत तुम्ही गेलात तेव्हा भाडेकरूने फ्रीजवरून काढून एक कागद दिला. त्यावर ‘विशेष नोटीस’ असं लिहिलेलं, तारीख जूनची. जुनं करयोग्य मूल्य (ज्या आकड्यावर घरपट्टी बसते तो) १६,२०० रुपये, नवं ५१,८४०. हरकतीला २१ दिवस. पाठोपाठ बिल आलं, तेही मागच्या तीन वर्षांच्या फरकासकट. तुम्ही विचारता, मालकाला न कळवता असं मूल्य वाढवता येतं का? आणि भाडेकरार जोडून हरकत घेऊ का?

मी कर आकारणी खात्यात कर निरीक्षक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. टेबलाच्या त्या बाजूला बसून अशा हरकती ऐकल्या आहेत, आता या बाजूने लिहून देतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. दुसऱ्याचं तर अजिबात नाही. पण तुमची बाजू हरलेली नाही. फक्त तुम्हाला वाटतं त्या मुद्द्यावर ती उभी नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ लागू आहे. त्याच्या अनुसूची ‘ड’मधल्या आठव्या प्रकरणात कराधान नियम आहेत. आकारणी पुस्तक, म्हणजे मिळकती आणि त्यांच्या मूल्यांची नोंदवही, तयार झालं की आयुक्तांनी जाहीर नोटीस काढायची, लोकांना पुस्तक पाहू द्यायचं आणि हरकती मागवायच्या. ही सगळ्यांसाठीची सूचना झाली. पण एखादी मिळकत पहिल्यांदाच पुस्तकात आली किंवा असलेल्या मिळकतीचं मूल्य वाढवलं, तर जाहीर नोटीस पुरत नाही. नियम १५ च्या दुसऱ्या पोटनियमानुसार त्या मिळकतीपुरती वेगळी लेखी नोटीस द्यावीच लागते. ‘विशेष नोटीस’ म्हणतात ती हीच. म्हणजे न कळवता वाढवता येत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर.

पण कळवायचं कोणाला? नियमातले शब्द आहेत ‘मालक किंवा भोगवटादार’. ‘आणि’ नाही, ‘किंवा’. भोगवटादार म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा, आणि तो तुमचा भाडेकरू आहे. त्याने जूनमध्ये सही करून नोटीस घेतली असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती बजावली गेली. त्याने ती फ्रीजवर ठेवली हा तुमच्या दोघांतला मामला. नोटीस मृत माणसाच्या नावे काढली हा मुद्दाही दिसतो तितका धारदार नाही. मालक वारला तर वारसाने वर्षाच्या आत महापालिकेला कळवायचं असतं, ते तुम्ही केलेलं नाही. अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारेल: “आम्हाला कसं कळणार, ताई?”

बजावणीबद्दल एक कबुली देतो. मी नवा असताना मार्चच्या उन्हात दोन-अडीचशे नोटिशींचा गठ्ठा हातात मिळायचा आणि संध्याकाळपर्यंत बजावणी अहवाल लागायचा. आम्हा पोरांतले काही जण चहाच्या टपरीवर बसून मागच्या बाजूला ‘घर बंद, दारावर डकवली’ असं लिहून मोकळे व्हायचे. मीही लिहिलंय. महापालिका कुठली ते सांगत नाही. दर्शनी भागावर नोटीस चिकटवणं हा कायद्याने मान्य केलेला मार्ग आहे, पण माणूस भेटला नाही तरच. म्हणून ज्यांना नोटीस खरोखरच मिळालेली नाही त्यांनी बजावणी अहवालाची नक्कल मागायची. पंचांच्या सह्या आहेत का, डकवल्याचा फोटो आहे का, ते बघायचं. विशेष नोटीस आणि सुनावणीशिवाय केलेली वाढ न्यायालयात टिकत नाही. मात्र अशा प्रकरणात बहुतेक वेळा प्रकरण ‘पुन्हा नोटीस देऊन नव्याने ठरवा’ म्हणून खाली येतं. वाढ कायमची जात नाही, वर्ष-दोन वर्षं लांबते. नुसत्या ‘नोटीस मिळाली नाही’वर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना मी हे पहिल्या दिवशीच सांगतो.

आता तुमच्या कागदाकडे येऊ, कारण खरा दम तिथेच आहे. करयोग्य मूल्य कसं काढतात? मिळकत वर्षाला वाजवी किती भाड्याने जाईल तो आकडा धरायचा आणि त्यातून १० टक्के वजा करायचे. हे १० टक्के दुरुस्तीसकट सगळ्या खर्चाबद्दलची एकच वजावट. व्यवहारात महापालिका विभागवार आणि वापरवार दर ठरवते आणि क्षेत्रफळाला गुणते. तुमचे आकडे उलटे सोडवून बघितले. जुने १६,२०० म्हणजे ५० चौरस मीटर, महिना ३० रुपये दर, बारा महिने: १८,०००, वजा १,८००. नवे ५१,८४० म्हणजे ६४ चौरस मीटर, दर ७५ रुपये, बारा महिने: ५७,६००, वजा ५,७६०. नोटिशीच्या फोटोत क्षेत्र ६४ दिसतंय, म्हणजे ताळा जुळला.

तर दोन गोष्टी झाल्या. क्षेत्र १४ मीटरने वाढलं आणि अख्ख्या घराला बिगरनिवासी दर लागला.

दुसरी चूक उघड आहे. दुकान एका खोलीत आहे. तुम्ही खोलीचं माप कळवलंत त्यावरून ती साधारण १२ चौरस मीटरची. तेवढ्यालाच ७५ चा दर लावा: वर्षाचे १०,८००. उरलेल्या ३८ मीटरला ३० च्या दराने १३,६८०. बेरीज २४,४८०, दहा टक्के वजा जाता २२,०३२. आता ते १४ मीटर. पुढचा व्हरांडा ग्रिल आणि काचा लावून बंद केलाय का? केला असेल तर तो निवासी दराने धरला जाऊ शकतो, मग आणखी ४,५३६ वाढतील आणि आकडा २६,५६८ होईल. व्हरांडा उघडाच असेल, किंवा पत्र्याची पडवी निरीक्षकाने भिंतीत धरली असेल, तर २२,०३२ वरच थांबा. वाढ आहेच, ती कबूल करा. पण ती ५१,८४० नाही. ‘एक रुपयाही वाढवू नका’ म्हणणाऱ्याची हरकत अधिकारी पाच मिनिटांत फेटाळतो. ‘एवढी बरोबर, एवढी चूक, हे माप’ म्हणणाऱ्याची फेटाळायला त्याला कारण लिहावं लागतं.

आमच्याकडे एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक सुनावणीला आले होते. वकील नाही, ओळख नाही. शाळेच्या आलेखवहीच्या कागदावर घराचा नकाशा काढलेला, प्रत्येक भिंतीचं माप लाल पेनाने, आणि खिशात टेप. “साहेब, तुमचा माणूस आणि मी, दोघं धरू,” एवढंच म्हणाले. मोजलं तर जिन्याची जागा दोन्ही मजल्यांत धरली गेली होती. त्याच दिवशी दुरुस्ती झाली. तुम्हीही अर्जात संयुक्त मोजणी मागा. शब्द हेच वापरा.

आणि भाडेकरार? तो जोडून ‘माझं भाडं फक्त ६,५०० आहे’ असं दाखवायचा तुमचा विचार दिसतो. थांबा, गुणाकार करा. ६,५०० गुणिले बारा म्हणजे ७८,०००. वजा दहा टक्के, ७०,२००. म्हणजे महापालिकेने लावलंय त्याहून जास्त मूल्य तुम्ही स्वतःच्या हाताने नेऊन देताय! घर भाड्याने दिलेलं असेल तर प्रत्यक्ष भाडं हा वाजवी भाड्याचा पुरावा धरला जाऊ शकतो. करार लपवा असं मी म्हणत नाही. आयुक्तांनी लेखी माहिती मागवली तर खरी द्यावीच लागते, आणि खोटं लिहिलं तर पुढे तुमच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहत नाही. पण कोणी न मागता तो हरकतीला जोडायचं कारण नाही. तुमची हरकत क्षेत्र आणि वापराबद्दल आहे, तेवढीच ठेवा.

सुनावणीत एक वाक्य हमखास ऐकायला मिळेल: “दर ठरलेले आहेत, त्यावर हरकत चालत नाही.” त्या वेळी बार्शी आठवा. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी नगरपालिकेने गिरण्या-कारखान्यांचं वार्षिक भाडेमूल्य थेट इमारतीच्या चौरस फुटांवर ठरवून टाकलं होतं, इतक्या फुटांना इतके रुपये. लोकमान्य मिल्स विरुद्ध बार्शी नगरपालिका हे ते प्रकरण. ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६१ मध्ये निकाल लागला की हे चालणार नाही. कारणं दोन दिली. एक, अशा आकड्याचा त्या इमारतीला खरोखर मिळू शकणाऱ्या भाड्याशी काही संबंध राहत नाही. दुसरं माझ्या मते जास्त मोलाचं: आकडा असा आधीच बांधून टाकला की करदात्याचा मूल्यावर हरकत घेण्याचा हक्क नावापुरता उरतो. नोटीस द्यायची, हरकत घ्यायला बोलवायचं, आणि वर म्हणायचं की यात बदलण्यासारखं काही नाही, ही चेष्टा झाली. दरपत्रक हा अंदाजाचा आधार आहे, तुमच्या घराबद्दलची सुनावणी ऐकायचीच नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

राहिला मुदतीचा प्रश्न. २१ दिवस गेले हे खरं. तरी तीन दरवाजे उघडे आहेत.

उशिरा का होईना, हरकत आजच द्या आणि उशिराचं कारण लिहा: मालक मयत, वारस परगावी, नोटीस अमुक तारखेला हाती आली. विलंब माफ करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, पण अर्ज आवक होऊन त्यावर शिक्का पडणं गरजेचं आहे. कारण खाली सांगतो.

दुसरा दरवाजा नियम २० चा. चालू वर्षातही आकारणी पुस्तकात दुरुस्ती करता येते, आणि चुकीने किंवा अनवधानाने मूल्य चुकलं असेल तर संबंधित माणसाच्या अर्जावरूनही. ५० चे ६४ मीटर होणं, एका खोलीच्या दुकानापायी घरभर बिगरनिवासी दर लागणं, या चुकाच आहेत. म्हणून अर्जाच्या विषयात दोन्ही लिहा: ‘विशेष नोटिशीवरील हरकत, तसेच नियम २० अन्वये दुरुस्तीबाबत’.

तिसरा दरवाजा बहुतेकांना ठाऊकच नसतो. आकारणी पुस्तक दरवर्षी नव्याने करत नाहीत, चार वर्षांतून एकदा केलं तरी चालतं. मधल्या वर्षांत जुन्याच नोंदी पुढे ओढतात. पण तसं करतानाही दरवर्षी जाहीर नोटीस काढून हरकती मागवाव्याच लागतात, जणू पुस्तक त्या वर्षी नवं झालं. म्हणजे यंदा हुकलं तर पुढच्या वर्षीच्या जाहीर नोटिशीवर हरकत घेता येते. स्थानिक वर्तमानपत्रात निविदांच्या गर्दीत ती बारीक टायपात येते. मार्च-एप्रिलमध्ये करसंकलन कार्यालयात एक चक्कर मारून तारीख विचारून घेतलेली बरी.

आवक शिक्क्याचा आग्रह का, तर कलम ४०६ मुळे. मूल्याविरुद्ध न्यायाधीशांकडे अपील करता येतं. पण आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली असली पाहिजे आणि तिचा निकाल लागलेला असला पाहिजे. ती नसेल तर न्यायालय अपील ऐकतच नाही, मूल्य कितीही चुकलेलं असो. हरकतीचा निकाल लागला की अपिलाला फक्त १५ दिवस, आणि वादातली कराची रक्कम आधी महापालिकेत भरावी लागते. हे दोन्ही पाळता न आल्याने चांगली प्रकरणं वाया गेलेली मी पाहिली आहेत. निकालाचा कागद मिळाला की त्याच दिवशी वकिलाला फोन करा, ‘दिवाळी झाल्यावर बघू’ म्हणू नका.

बिलाचं काय? थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते आणि हरकत प्रलंबित आहे म्हणून ती थांबत नाही. जुन्या दराने होणारी रक्कम लगेच भरा. पूर्ण रक्कम भरायची ऐपत असेल तर ‘हरकत राखून भरणा’ असं पत्र देऊन पूर्ण भरा, जास्तीची पुढच्या बिलांत वळती करून मागता येते.

तीन वर्षांच्या फरकावर मात्र स्वतंत्र मुद्दा घ्या. नियम २० खाली मूल्य वाढवलं तर त्याचा बोजा चालू वर्षाच्या १ एप्रिलच्या मागे नेता येत नाही. यावर कार्यालय म्हणेल की आम्ही करातून सुटलेल्या मिळकतीची कारवाई केली, ती सहा वर्षं मागे जाते. ती तरतूद आहे, पण ती आकारणीतून निसटलेल्यासाठी. तुमच्या घराची आकारणी वर्षानुवर्षं चालू आहे, बिलं भरलेली आहेत. निसटलंय काही तर तो व्हरांडा, तोही कधी बंद केला हे दाखवता आलं तर. दुकान कधी सुरू झालं ते भाडेकरूकडून नीट विचारून घ्या. ते सहा महिन्यांपूर्वीचं असेल तर तीन वर्षांच्या फरकाला पायाच नाही.

अर्ज लांबलचक नको. एवढा पुरे:

‘माझे वडील कै. … यांचे नावे असलेल्या मिळकत क्र. … बाबत आपली दि. … ची विशेष नोटीस मला दि. … रोजी मिळाली. नोटिशीतील क्षेत्र ६४ चौ.मी. व संपूर्ण बिगरनिवासी वापर ही नोंद मला मान्य नाही. प्रत्यक्षात फक्त पुढील खोलीत, १२ चौ.मी. जागेत शिवणकाम चालते. उर्वरित वापर निवासी आहे. मोजमापाचा नकाशा सोबत जोडला आहे. आकारणीचा हिशेब व स्थळपाहणी अहवालाची नक्कल द्यावी, माझ्या समक्ष संयुक्त मोजणी करावी आणि सुनावणी देऊन लेखी कारणांसह निर्णय द्यावा. मागील वर्षांच्या फरकाची मागणीही मला मान्य नाही.’

हा मजकूर दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. ऑनलाइन तक्रारीचा टोकन क्रमांक हा त्याला पर्याय नाही, तो नंतर ‘निकाली’ दाखवतात आणि निकाल कुठेच सापडत नाही. आकारणी पुस्तकातला तुमच्या मिळकतीचा उतारा बघायला आणि उतरवून घ्यायला मालक-भोगवटादाराला पैसे पडत नाहीत, हेही खिडकीवर ठामपणे सांगा. सुनावणीची तारीख कळवल्यावर गेला नाहीत तर तुमच्या गैरहजेरीत निकाल होतो, तेव्हा जाच.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. घर नगरपरिषदेत असेल तर १९६५ चा वेगळा कायदा, कलम ११९ ची नोटीस आणि चार वर्षांनी होणारी फेरआकारणी. तिथेही मूल्य वाढलं की वैयक्तिक नोटीस लागते. मुंबईत २०१० पासून भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्य आहे, त्यामुळे वरचा गुणाकार तिथे लागू नाही. पण नियम करताना महापालिकेने मर्यादा ओलांडली म्हणून त्यातले काही नियम उच्च न्यायालयाने रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते कायम केलं, हे मुंबईकरांनी लक्षात ठेवावं. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्के सवलत हा आणखी वेगळा विषय. तुम्ही घर भाड्याने दिल्यामुळे तशी सवलत तुमच्या कामाची नाही.

शेवटचं, वडिलांच्या नावाचं. मृत्यू दाखला आणि वारसांची कागदपत्रं लावून हस्तांतरणाचा अर्ज याच फेरीत द्या आणि त्यात तुमचा हल्लीचा पत्ता, मोबाइल लिहा, म्हणजे पुढची नोटीस फ्रीजवर जाणार नाही. भावंडांची संमतिपत्रं जमायला वेळ लागेल, त्यासाठी हरकत अडवून ठेवू नका. आणि दोन्ही मागण्या एकाच कागदावर लिहू नका. लिहिल्यात तर तो कागद हस्तांतरणाच्या टेबलावर जातो, ‘संमतिपत्र अपूर्ण’ असा शेरा पडतो, आणि खाली लिहिलेली हरकत कोणी वाचतसुद्धा नाही.